मेलो आणि गेलो

जून महिन्यातल्या एका मंगळवारी आंबेखोलच्या प्रयोगशाळेतले एकतीस उंदीर मेले. गंमत अशी, की त्या वेळी ते एकतीसच्या एकतीस उंदीर पिंजऱ्यात बसून हरभरे खात होते.

उत्तरा परुळेकरला ही बातमी पुण्यात, संशोधन खात्याच्या ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत कळली. फोन ताईचा होता. ताई म्हणजे डॉ. मंजिरी सामंत, उत्तराची सख्खी मोठी बहीण आणि कुडाळच्या पुढे डोंगराच्या कुशीत असलेल्या त्या प्रयोगशाळेची प्रमुख.

"तुमच्या वाचकाने माझे एकतीस उंदीर मारले," ताई म्हणाली. "मी आत्ता त्यांच्यासमोर उभी आहे. एक जण माझ्याकडे बघून मिशा हलवतोय. आणि इकडे पडद्यावर आलंय, की प्राणिमृत्यूचं प्रमाण अस्वीकार्य, अनुदान स्थगित, प्रयोग बंद."

उत्तराने डबा बाजूला सारला. ताई जितकी जास्त चिडे तितकी सावकाश बोले, आणि आत्ता ती फारच सावकाश बोलत होती.

"कारण काय दिलंय?"

"कारण कुठे देता तुम्ही? आकडा देता. काल आमचा आकडा सत्तर होता. आज नऊ आहे. आणि नियम तुला माहीत असेल. बंद झालेल्या प्रयोगातले प्राणी बहात्तर तासांत संपवायचे. म्हणजे तुमचा वाचक जे खोटं बोलला, ते गुरुवारपर्यंत मला खरं करून दाखवायचंय."

वाचक म्हणजे काय, हे एव्हाना शाळकरी पोरांनाही ठाऊक झालं होतं. सहा वर्षांपूर्वी केंद्र सरकारने संशोधनासाठी नवं धोरण आणलं. त्याआधी संशोधकाचा अर्धा जन्म अर्ज लिहिण्यात जाई आणि उरलेला अर्धा दिल्लीच्या खेपा घालण्यात. नव्या धोरणाने अर्ज, अहवाल, तक्ते सगळं एका फटक्यात मोडीत काढलं. प्रयोगशाळेने फक्त रोजची वही लिहायची, तीही आपल्या भाषेत. तक्त्यात माणूस खोटं बोलतो, पण रोजची वही वर्षानुवर्षं खोटी लिहिणं कोणाच्या बापाला जमत नाही, असं धोरण लिहिणाऱ्यांचं म्हणणं होतं, आणि ते बरंचसं खरंही होतं. देशभरातल्या चाळीस हजार वह्या वाचक नावाचं यंत्र रोज संध्याकाळी सहा वाजता वाचून काढी. जुन्या काळातल्या यशस्वी आणि फसलेल्या प्रयोगांच्या लाखो वह्या त्याला आधी वाचायला दिलेल्या होत्या. प्रयोग जमत येतो तेव्हा माणसं कशी लिहितात, आणि तो हातातून निसटतो तेव्हा कशी लिहितात, हे त्याने त्यातून स्वतःच हेरलं होतं. त्यावरून तो प्रत्येक प्रयोगाला शंभरातला एक आकडा देई. पन्नासच्या वर असेल तर अनुदान चालू, खाली गेला की बंद.

धोरणाचं दुसरं कलम खात्याच्या दारावरच कोरलं होतं: मानवी हस्तक्षेप शून्य. निर्णयाला माणसाचा हात लागायचाच नाही. वशिला मेला म्हणून लोकांना आनंद झाला, आणि आंबेखोलसारख्या आडगावच्या प्रयोगशाळा त्यामुळेच उभ्या राहिल्या. ताई हे नेहमी मान्य करी.

एक हात मात्र शिल्लक होता. वाचकाला भाषा शिकवावी लागे. शब्द, त्याचा अर्थ, त्या अर्थाचं वजन, अशी प्रत्येक भाषेची एक शब्दसूची होती. मराठीची सूची उत्तराच्या ताब्यात होती. सगळ्यांत जास्त वजन मृत्यूला. तो शब्द आला की वाचक वाक्यातल्या बाकी शब्दांकडे फारसं बघत नसे. कुठे तरी एकदा एका उत्साही वहीतले मृत्यू त्याच्या नजरेतून सुटले होते, तेव्हापासून ही तरतूद होती.

उत्तराने आंबेखोलची वही उघडली. आतापर्यंत तिथला एक मदतनीस दर आठवड्याला शुद्ध मराठीत गोषवारा पाठवी. पण याच महिन्यात नवं परिपत्रक निघालं होतं, की गोषवारा नको, ज्याने काम केलं त्याच्या हातची मूळ वही जोडा. त्याप्रमाणे प्राणिगृह सांभाळणाऱ्या सत्यभामा धुरी यांची दहा महिन्यांची वही सोमवारी एकदम जोडली गेली होती. बाई चौथी शिकलेल्या, मालवणीत लिहिणाऱ्या. अक्षर मात्र टपोरं.

"बारा नंबरचो मेलो. जाळी कुरतडल्यान. नवी व्हयी."

"चार नंबरचो मेलो माजलो हा. माझ्या बोटाक चावलो."

"एकोणतीस नंबरचो मेलो सगळे हरभरे एकटोच खाता."

उत्तरा आधी हसली आणि मग तिचं हसू कुठल्या कुठे गेलं. कारण ही चूक वाचकाची नव्हतीच.

तिची आई दिवसातून पन्नास वेळा त्या दोघींना मेली म्हणे. मेली अजून उठली नाय. मेली पुस्तकात तोंड घालून बसली. त्या शब्दात मरण औषधालाही नसे, असलाच तर जीव असे. पण उत्तरा पुण्यात शिकायला आली, आणि होस्टेलवर एकदा मैत्रिणीला लाडाने मेली म्हणाली, तेव्हा त्या मुलीने रडून गोंधळ घातला. त्या दिवसानंतर उत्तराच्या तोंडून तो शब्द गेला, आणि हळूहळू त्याच्याबरोबर सगळी मालवणीच गेली. पुढे शब्दसूची करताना मेला, मेलो, मेली हे शब्द समोर आले. ते शिवी म्हणूनही वापरतात, अशी नोंद करायची वेळ आली तेव्हा दिल्लीच्या, बंगळूरच्या लोकांसमोर तिला लाज वाटली. हे काय आमच्याकडचं अडाणी बोलणं दाखवायचं? तिने शिवीचा अर्थ गाळला आणि फक्त मृत्यू ठेवला.

नात्यातल्या प्रयोगशाळेचं काम आलं तर ते सहकाऱ्याकडे द्यायचं, असा नियम होता. सहकारी दहा दिवसांच्या रजेवर होता. उंदरांकडे दोन दिवस होते. उत्तराने फार विचार केला नाही. पावणेसहाला तिने सूचीत भर घातली: मेलो, मेला, मेली, लाडिक शिवी, संबंधित प्राणी जिवंत.

पडद्यावर वाचकाने प्रश्न टाकला: "बदलानंतर आंबेखोलच्या वहीत मृत्यूची नोंद शून्य. मान्य?"

शून्य हा आकडा बघून तिला इतकं बरं वाटलं, की तिने तत्काळ मान्य म्हटलं. सहा वाजून चार मिनिटांनी आंबेखोलचा आकडा त्र्याण्णव झाला.

त्यानंतरचे दिवस कौतुकाचे गेले. दिल्लीला ही गोष्ट फारच आवडली. चौथी शिकलेल्या बाईची बोलीतली वही, आणि ती समजून घेणारं यंत्र! धोरणाला मुदतवाढ द्यायचा ठराव संसदेत यायचा होता, आणि खात्याला नेमकं असंच काही तरी हवं होतं. भामाकाकींवर, म्हणजे त्या सत्यभामाबाईंवर, तीन मिनिटांची फिल्म निघाली. उत्तराच्या विभागप्रमुख वाघमारेबाईंनी तिला केबिनमध्ये बोलावून पेढा दिला. कोणाच्या प्रयोगशाळेसाठी तिने तो बदल केला, हे कोणी विचारलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही.

आकडा नव्वदच्या वर गेला, की धोरणाप्रमाणे प्रयोग आपोआप पुढच्या पायरीवर जाई. पुढची पायरी म्हणजे माणसं.

ताईचा प्रयोग फुरशाच्या विषावरचा होता. फुरसं हा वीतभर लांबीचा साप, पण कोकणात गवत कापणाऱ्यांचा आणि बागेत राबणाऱ्यांचा काळ. चावल्यानंतर द्यायचं औषध आहे, पण दवाखाना लांब, आणि तोवर रक्त गोठायचं थांबलेलं असतं. ताईचं म्हणणं, चावायच्या आधीच संरक्षण का नको? उंटाच्या रक्तात अगदी लहान आकाराची प्रतिपिंडं असतात. तशी प्रतिपिंडं तिने फुरशाच्या विषासाठी घडवली होती. एवढ्या लहान गोष्टी शरीर चार तासांत लघवीवाटे फेकून देतं, म्हणून तिने त्यांना एक जड शेपटी जोडली. त्यामुळे ती सहा महिने रक्तात फिरत राहत. पावसाळा सरताना एक टोचणी घ्यायची, की गवतकापणीचा अख्खा हंगाम निर्धास्त. टोचलेल्या उंदरांना विष दिलं तरी ते ठणठणीत राहत, हे ताईने दहादा करून पाहिलं होतं.

सप्टेंबरच्या शेवटच्या सोमवारी पहिली टोचणी ठरली. दिल्लीहून माणसं येणार होती, कॅमेरे येणार होते. उत्तरा रविवारी दुपारीच आंबेखोलला पोचली.

ताईने तिला मिठी मारली. अशी मिठी तिने लग्नात निघतानासुद्धा मारली नव्हती. "तू नसतीस तर सगळं संपलं होतं," ती म्हणाली, आणि उत्तराला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आपल्या नोकरीचा अभिमान वाटला.

टोचून घेणारे पहिले दोघे प्रयोगशाळेतलेच होते. एक भामाकाकी आणि दुसरा गोविंद गावडे, तिथला माळी. भामाकाकी साठीची, काटकुळी बाई. पिंजरे धुताधुता तिने उत्तराला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"तू मंजिरीची भयण मां? पुण्याक जाऊन बोलूक इसारलंस म्हणे."

"समजतं मला सगळं, काकी."

"समजता तर बोल मगे. मेली, तोंडात काय मूग धरलंस?"

आई गेल्यापासून उत्तराला कोणी मेली म्हटलं नव्हतं. ती तिथेच एका स्टुलावर बसली आणि भामाकाकी तिला एकेक पिंजरा दाखवू लागली. हो चार नंबरचो मेलो, चावरो. हो मेलो आळशी. प्रत्येकाच्या नावाने काकी बोटं मोडत होती आणि त्याच बोटांनी त्यांना हरभरे भरवत होती. मधूनच एक पिंजरा रिकामा आला.

"आणि हा?"

"एकवीस नंबर. तो गेलो, बिचारो." काकीचा आवाज एकदम मऊ झाला.

"गेला म्हणजे? दुसऱ्या प्रयोगशाळेत?"

भामाकाकीने खुळीकडे बघावं तसं तिच्याकडे पाहिलं. "खंय जातलो? वर गेलो. गोविंदान पुरल्यान फणसाखाली."

बाहेर गोविंद झाडांना आळी करत होता. त्याने मान वर न करता सांगितलं, "सात खड्डे खणलंय मी. सातवो पावसाच्या आदी."

"मग काकी, वहीत का नाही लिहिलं, मेला म्हणून?"

"असा कसा लिवतलंय?" भामाकाकी जवळजवळ रागावली. "जित्याक मेलो म्हटला तर त्येचा आयुष्य वाढता. गेलेल्याक तसा बोलूचा नसता. माझो घोव फुरशान गेलो, त्येका मी मेलो म्हणतलंय काय?"

उत्तरा तिथून उठली आणि पडवीत येऊन वही उघडून बसली. सात जागी, सात तारखांना तो शब्द होता. सात नंबरचो गेलो. पंधरा नंबरचो गेलो, बिचारो. दोन दिवस खाऊक नाय. वाचकाने सातही वेळा त्याचा अर्थ लावला होता: अन्यत्र रवाना. कारण राज्यभरच्या वह्यांत नमुना पुण्याला गेला, बाटल्या नागपूरला गेल्या, असंच लिहिलेलं असे. म्हणून प्रयोगशाळेच्या वहीत गेला म्हणजे रवाना, ही ओळही तिनेच घातली होती. जिवंत होते ते वाचकाने मेलेले धरले आणि मेले होते ते परगावी पाठवले. त्यातली अर्धी चूक तिने मोठ्या हौसेने दुरुस्त केली आणि शून्य मान्य केलं. दहा महिन्यांत एकही उंदीर मेला नाही, यावर एखादं लहान मूलही विश्वास ठेवणार नाही. तिने ठेवला, कारण तिला ठेवायचा होता.

ताई तिच्या टेबलाशी उद्याच्या भाषणाचे कागद बघत होती.

"ताई, ते सात उंदीर."

ताईने पेन खाली ठेवलं. "म्हातारे होते."

"तेवढ्याच वयाचे, न टोचलेले अडतीस दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या वहीत होते ना? त्यातले किती गेले?"

ताईने भाषणाचे कागद उलटे करून ठेवले. "एक," ती म्हणाली.

"तू उघडून पाहिलेस ते सात?"

"पाहिले. मूत्रपिंडं सुजलेली होती, पाच जणांची. शेपटीमुळे असेल. तेच, जे रक्तात टिकतं, ते तिथे साचतंय कदाचित. कदाचित, उत्तरा. उंदरांत झालं ते माणसात होईलच असं नाही. शेपटी थोडी आखूड केली तर सुटेल, असं मला वाटतं."

"मग तू सांगितलं का नाहीस?"

"कोणाला?" ताईचा आवाज फार सावकाश झाला. "सहा वाजता तुमच्या त्या वाचकाच्या पोटात सगळं जातं. पूर्वी निदान समिती असायची. एखादा खडूस म्हातारा विचारायचा, बाई, मूत्रपिंडाचं काय? मी त्याला सहा महिने मागितले असते, त्याने कुरकुरत दिले असते. आता विचारतं कोण? वही जशीच्या तशी तुमच्याकडे आहे. मी एक अक्षर लपवलं नाही. वाचकाने वाचलं आणि त्र्याण्णव दिले. मला वाटलं, त्याला आपल्यापेक्षा जास्त कळत असेल."

"तुला खरंच तसं वाटलं?"

ताई खिडकीतून फणसाकडे बघत होती, आणि उत्तराला तिची भयंकर कीव आली, आणि रागही.

"मी ती नोंद दुरुस्त करणार आहे," उत्तरा म्हणाली.

"केलीस तर आकडा किती होईल, ठाऊक आहे? दहा. बारा. सगळं बंद. तो सहा महिने देणार नाही मला. त्याला चालू आणि बंद एवढंच येतं. अकरा वर्षं, उत्तरा. आणि पुढच्या महिन्यात गवतकापणी आहे. या तालुक्यात दर वर्षी फुरशाने जातात त्यांची नावं सांगू? तू पाच उंदरांच्या सुजेवर बोट ठेवतेस. त्यांचं काय?"

उत्तराने वाघमारेबाईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं, बहिणीचं नातंही. बाई चांगल्या होत्या, घाबरलेल्या होत्या.

"ठराव बुधवारी आहे," बाई म्हणाल्या. "गुरुवारी कर दुरुस्ती."

"टोचणी उद्या सकाळी आहे, मॅडम. आणि दुरुस्ती केली, तर प्रयोगशाळेला सुधारायला सहा महिने मिळतील का?"

"धोरणात सवड असा शब्दच नाही, उत्तरा. तुला माहीत आहे. हात लावायचा नाही म्हटलं, की चांगल्या कामालाही लावता येत नाही."

ती पुन्हा प्राणिगृहात गेली. निदान ज्यांच्या दंडात सुई जाणार त्यांना तरी विचारायला हवं होतं. भामाकाकी आणि गोविंद पायरीवर चहा पीत बसले होते. तिने दोघांना सांगितलं, की ते सात याच औषधाने गेले असतील. खात्रीने कोणी सांगू शकत नाही.

गोविंदने बशी खाली ठेवली. "माझी गवताची पाच कुणगी कापूची आसत," तो म्हणाला. "दरवर्षी फुरसां बघतंय. औषधान काय झाला तर झाला. माका टोचा."

"माका पण," भामाकाकी म्हणाली. "सही केलंय मी."

हे ऐकल्यावर उत्तराचा धीर सुटला. माणसं स्वतः हो म्हणत होती, बहीण हो म्हणत होती, यंत्र त्र्याण्णव म्हणत होतं. नाही म्हणणारी ती एकटीच, आणि तिच्या हातात काय, तर एक क्रियापद. पण उद्या या दोघांनंतर आठवड्यात दोनशे जण होते, महिन्यात दोन हजार. त्यांना फणसाखालचे सात खड्डे कोणी दाखवणार नव्हतं. त्यांना फक्त आकडा दाखवला जाणार होता.

पावणेसहाला पडवीत बसून तिने ओळ लिहिली: गेलो, गेला, गेली, प्राण्याबाबत किंवा माणसाबाबत, मृत्यू.

वाचकाने विचारलं: "आंबेखोलच्या वहीत मृत्यूची नोंद सात. मान्य?"

ताई दारात उभी होती. तिने अडवलं नाही. उत्तराने मान्य म्हटलं, तेव्हा ताई फक्त आत वळली आणि दार लोटून घेतलं.

सहा वाजून चार मिनिटांनी आकडा अकरा झाला. दिल्लीची माणसं रत्नागिरीहूनच परत फिरली. बुधवारी ठराव मंजूर झाला, त्यात भामाकाकीची फिल्म दाखवली नाही इतकंच. उत्तराला नात्याचा नियम मोडल्याबद्दल ताकीद मिळाली. ती तिने निमूट घेतली, कारण ती खरीच होती.

खात्याने यातून धडा घेतला, पण भलताच. महिन्याभरात नवं परिपत्रक आलं: बोलीतले शब्द दिशाभूल करतात, सबब वह्या फक्त मान्य शब्दांत लिहाव्यात. मान्य शब्द चारशे बारा. ते निवडायचं कामही उत्तराकडेच आलं. ऑक्टोबर संपेपर्यंत राज्यातल्या सगळ्या वह्या एकसारख्या दिसू लागल्या. प्राणी समाधानकारक. प्रगती समाधानकारक. ती वह्या चाळी आणि तिला वाटे, या सगळ्या घरांत आता कोण आजारी आहे आणि कोण बरं आहे, हे आपल्याला कधीच कळणार नाही.

ताईचा फोन आला नाही. उत्तराने पाच-सहा वेळा केला, तो उचलला गेला नाही. मेव्हण्याकडून कळलं, की एकतीस उंदीर नियमाप्रमाणे संपवले. ते काम ताईने स्वतः केलं, भामाकाकीला त्या दिवशी घरी पाठवलं होतं.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, एका संध्याकाळी उत्तरा ऑफिसातून निघायच्या बेतात असताना फोन वाजला. पडद्यावर ताईचं नाव होतं. तिने इतक्या घाईने उचलला, की हातातली पिशवी खाली पडली.

"उत्तरा." ताई घरच्या भाषेत बोलत होती, आईच्या आवाजात. "काल भामाकाकीक फुरसां चावलां. गवताचो भारो बांधताना."

उत्तराने टेबलाची कड धरली. पुढचा शब्द कुठला येतो, एवढ्यावर आता सगळं होतं.

"ती मेली," ताई म्हणाली.

आणि उत्तराचा जीव भांड्यात पडला. ती खाली बसली. तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागलं.

"ती मेली कोणाचा ऐकता काय? डॉक्टरान हलू नको म्हणून सांगल्यान, तर ही सकाळीच चाय मागूक लागली. हात सुजलो हा, एक बोट काढूचा लागतला. पण वाचली. दुसरो चावो, म्हणून वाचली. इख बरांचसां पहिल्या चाव्यात संपलां होतां."

"पयलो खंयचो?" उत्तराने विचारलं. वीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडून ती भाषा आली होती, आणि ती आली हेही तिच्या लक्षात आलं नाही. "पयलां कोणाक चावलां, ताई?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"ताई, गोविंद?"

"गेलो," ताई म्हणाली.

दोघींपैकी कोणीच फोन ठेवला नाही. समोरच्या पडद्यावर सहा वाजले आणि वाचकाने दिवसाच्या वह्या उघडल्या. सूचीत तो शब्द आता बरोबर होता.